चार ऑर पाच

डायलिसिस केंद्राच्या कचेरीत तिला सगळे प्लंबरबाई म्हणत. तिनं आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता. घरातला नळ गळायला लागला की ती त्याच्याखाली बादली ठेवून नवऱ्याला हाक मारायची, आणि नवरा येऊन बादली बदलायचा. नाव पडलं होतं ते कामावरून. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिवसभर चौकोन आणि रेघा असत. एका चौकोनात कुणाचा तरी मेसेज येऊन पडायचा, रेघेवरून पुढच्या चौकोनात जायचा, तिथं त्याच्या उत्तराची शोधाशोध व्हायची, आणि तिसऱ्या चौकोनातून उत्तर आपसूक निघून जायचं. माणसानं हात लावायचा नाही. हे काय असतं ते डॉक्टरसाहेबांना समजावताना एकदा ती भर मीटिंगमध्ये बोलून गेली होती, "पाइप जोडल्यासारखंच असतं साहेब, पाण्याऐवजी काम वाहतं." मागच्या खुर्चीवरून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तू प्लंबर झालीस की गं!" झालं. त्या दिवसापासून बेसिन तुंबलं तरी शिपाई तिलाच सांगायला यायचा आणि मग स्वतःच हसत परत जायचा.

ती मूळची रिसेप्शनवरची. वाणिज्य शाखेची पदवी, मग लग्न, मग मुलगी, आणि मुलगी शाळेत रुळल्यावर ही नोकरी. रिसेप्शनवर बसून तिनं काही वर्षं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं. डायलिसिसला पेशंट चार-चार तास खुर्चीत पडून असतो, एका हातातून रक्त मशिनीत जातं आणि धुऊन परत येतं, आणि त्याचं माणूस बाहेर बाकावर ताटकळत असतं. त्या माणसाला एवढंच हवं असतं: "किती वेळ राहिला?" दर दहा मिनिटांनी कुणीतरी खिडकीशी यायचं. बाहेर चहाला गेलेलं माणूस तिथून फोन करायचं. ती आत जाऊन विचारून यायची, तोवर दुसरा उभा. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघितले, सॉफ्टवेअरचं फुकटचं पुस्तक वाचलं आणि एक जोडणी केली. नातेवाइकानं केंद्राच्या नंबरवर खुर्चीचा क्रमांक पाठवायचा. उत्तर आपोआप येणार: पेशंटचं नाव, किती वेळ राहिला, आणि सिस्टरनी काही शेरा लिहिला असेल तर तोही. म्हणजे घरी गेल्यावर अमुक करा, तमुक करू नका.

पहिल्या दिवशी खिडकीशी कुणीच आलं नाही, तेव्हा तिला उगीचच चुकल्यासारखं वाटलं. डॉक्टरसाहेबांनी तिला वरच्या मजल्यावर टेबल दिलं. मग त्यांच्या पाचही केंद्रांच्या जोडण्या तिच्याकडे आल्या; हे त्यांतलं दोन नंबरचं केंद्र. आत सिस्टर लोकांच्या टॅबवरही तीच सोय तिनं बसवली: खुर्ची क्रमांक टाका, पेशंटची माहिती बघा. चालू पाइपलाच दुसरी तोटी. नवीन खोदकाम कशाला, असा तिचा हिशेब होता, आणि त्यात वावगं काही वाटण्यासारखं नव्हतं.

रंगाऱ्याची बायको आली ती सकाळची पाळी अर्धी झाल्यावर. रंगारी म्हणजे चार नंबरच्या खुर्चीवरचा पेशंट, भिंती रंगवून रंगवून खांदे गेलेला, अबोल माणूस. बायको त्याच्या वाटणीचंही बोलायची. पण त्या दिवशी ती बोलत नव्हती, ओरडत होती, आणि तेही भरल्या वेटिंग रूममध्ये. जिन्यावरूनच प्लंबरबाईला ऐकू आलं.

"माझ्या माणसाला तुम्ही त्या टेलरच्या खुर्चीवर बसवलंत! त्याला कावीळ आहे, ती रक्तातली, ते माहीत असून बसवलंत! आता त्याला वेगळ्या खोलीत ठेवलाय, आणि आमचं काय?"

बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. टेलरकाकांना सगळे ओळखत. बऱ्याच जणांच्या अंगावर त्यांनीच शिवलेले कपडे होते. टेलरकाका त्या वेळी आतल्या छोट्या खोलीत मशिनीला जोडलेले होते आणि त्या खोलीचं दार उघडं होतं.

प्लंबरबाईनं तिला हाताला धरून वर आणलं, बसवलं, पाणी दिलं.

"वहिनी, आधी एक सांगा. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुमच्या मशिनीनंच सांगितलं." तिनं पदराखालून मोबाइल काढला. "हे बघा."

प्लंबरबाईनं बघितलं. तिच्या स्वतःच्या जोडणीतून गेलेलं उत्तर होतं. पण एका माणसाचं नव्हतं. बोटानं वर सरकवावं तेवढी नावं येत होती, पाचही केंद्रांतली, प्रत्येकापुढे उरलेला वेळ आणि शेरा. टेलरकाकांच्या नावापुढे शेरा होता: लाल खूण, रक्तातली कावीळ, वेगळी खोली, मशीन वेगळं ठेवणे. तो शेरा सिस्टर लोकांसाठी होता. 

"तुम्ही काय पाठवलं होतं?"

"चार ऑर पाच."

"म्हणजे?"

"इंग्रजीत लिहायचं. आकडा चार, मग ऑर, मग आकडा पाच. मोठ्या सिस्टरनी शिकवलंय. त्या रजेवर असल्या आणि इथलं मशीन बंद पडलं तर कुठल्या केंद्रात खुर्ची रिकामी आहे ते कळतं, म्हणाल्या. मागच्या खेपेला यांना सुजून सुजून काय झालं होतं, आठवतंय ना? परत ती पाळी नको म्हणून शिकवलं बिचारीनं." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "ताई, यांना होईल का हो ते?"

प्लंबरबाईनं तिला खरं ते सांगितलं. टेलरकाकांच्या तपासणीत दोष निघाला त्याच दिवशी त्यांना हलवलं, प्रत्येक पेशंटनंतर मशीन जंतुनाशकानं धुतलं जातं, आणि रंगाऱ्याची तपासणी परत करून घेऊ. बाई मान हलवत होती आणि ऐकत नव्हती. प्लंबरबाईला ते नवीन नव्हतं. तिची मुलगी दुसऱ्या गावी हॉस्टेलवर होती आणि ती कुठं आहे ते दाखवणारा निळा ठिपका आईच्या फोनवर होता. ठिपका हॉस्टेलवर दिसला तर वर्गात का नाही, आणि वर्गात दिसला तर जेवली कधी. माहिती मिळाली म्हणून काळजी कधी कमी झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

बाई खाली गेल्याबरोबर तिनं नातेवाइकांचा नंबर बंद केला. एक रेघ पुसली की झालं. मग ती आपल्याच चौकोनाकडे बघत बसली.

चूक डोळ्यांसमोरच होती. माहितीच्या साठ्याला, ज्याला ते लोक डेटाबेस म्हणतात, तिची जोडणी दर वेळी एक वाक्य पाठवायची: 'दोन नंबरच्या केंद्रातला, आणि ज्याची खुर्ची अमुक आहे, तो पेशंट दाखव.' अमुकच्या जागी माणसानं जे टाइप केलं असेल ते जसंच्या तसं चिकटवलं जायचं. पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणात तसंच होतं. सुरक्षित रीत बरीच पानं सोडून पुढं दिली होती, आणि पहिलं उदाहरण चाललं तर पुढची पानं कोण उलटतं? आता साठ्याला कुठून कळणार, की वाक्यातला कुठला तुकडा प्लंबरबाईचा आणि कुठला बाकावरच्या माणसाचा? त्याच्या लेखी सगळा एकच हुकूम. 'चार किंवा पाच' म्हटल्यावर तो खुर्ची पाच असं समजत नाही. तो समजतो: दोन नंबरच्या केंद्रातली खुर्ची चार असेल, किंवा नुसतंच पाच. पाच म्हणजे काय, हे तो विचारत नाही. त्याच्या हिशेबी शून्य म्हणजे नाही आणि बाकी कुठलाही आकडा म्हणजे हो. म्हणून प्रत्येक पेशंटला उत्तर एकच: हो, हाही दाखव.

आणि जो दाखवायला सांगू शकतो, तो पुसून टाकायलाही सांगू शकतो. कुठल्या पेशंटचं वजन मशिनीवर कितीपर्यंत उतरवायचं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं. फक्त त्याला कसं लिहायचं ते ठाऊक हवं. बाकावर बसून मोबाइलवरून.

मोठ्या सिस्टर टेलरकाकांच्या हातातली सुई काढून कापूस दाबून उभ्या होत्या. टेलरकाका भिंतीकडे तोंड करून होते. सिस्टर बाहेर आल्या तशी प्लंबरबाई म्हणाली, "सिस्टर, ते चार ऑर पाच..."

"अगं हो, आज चालत नाहीये वाटतं रंगाऱ्याच्या बायकोचं? आमच्या टॅबवर चालतंय. थांब, दाखवते." आणि त्यांनी तिच्यासमोर टाइप केलं, भाजी निवडावी इतक्या सराईत हातानं. पाचही केंद्रं पडद्यावर उभी राहिली. "हे बघ, तीन नंबरच्या दोन खुर्च्यांवर कुणाचं नाव नाही, म्हणजे रिकाम्या. आता मी तिथल्या सिस्टरला फोन टाकणार, पेशंट धाडणार. तुमच्या वरच्या मजल्यावर अर्ज करायचा तर उद्या उत्तर. उद्यापर्यंत पेशंटच्या फुफ्फुसात पाणी."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? मला चार आणि पाच दोन्ही एकदम बघायचे होते. दोनदा कोण शोधत बसणार, हातात ग्लोव्ह असताना? मी स्वल्पविराम देऊन बघितलं, काहीतरी लाल-लाल आलं. मग अँड लिहिलं, तर नुसता चारच दाखवला मेल्यानं. मग ऑर लिहिलं आणि सगळा गाव बाहेर आला! मला वाटलं तूच ठेवलीस सोय. मी तर सगळ्या केंद्रांवर सांगितलं, आमची प्लंबरबाई किती हुशार आहे म्हणून."

"सगळ्या केंद्रांवर?"

"मग! तिकडं म्हणतातच, 'अगं, जरा चार ऑर पाच करून बघ, खुर्ची आहे का.' एका नवीन पोरीनं मला विचारलं, सिस्टर, तीन ऑर चार केलं तर चालतं का? म्हटलं, करून बघ, मला काय माहीत. तेही चाललं."

प्लंबरबाईला हसू आलं असतं, पण दार उघडंच होतं आणि टेलरकाका अजून भिंतीकडे बघत होते. सिस्टरनी तिच्या नजरेमागं बघितलं आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"मी तिला खुर्च्या बघायला सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेरे वाचायला नव्हतं सांगितलं."

टॅबवरची सोयही प्लंबरबाईनं त्याच दिवशी दुरुस्त केली. टाइप केलेलं आता वाक्यात चिकटवलं जात नव्हतं, बंद पाकिटात घालून वेगळं दिलं जात होतं, आणि साठ्याला बजावलं होतं की पाकिटात जे असेल तो फक्त खुर्चीचा आकडा समजायचा, हुकूम नाही. काम अर्ध्या तासाचं होतं. एवढंसं होतं याचाच तिला जास्त राग आला. मग इतर जोडण्या उघडून बघितल्या तर आणखी दोन ठिकाणी तीच गळती. तीही बुजवली. मग ती डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेली, कारण पेशंटची माहिती बाहेर गेली तर ते सांगावंच लागतं.

डॉक्टरसाहेब किडनीचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट त्यांना दोनच प्रकारची वाटायची: इन्फेक्शन आणि इन्फेक्शन नसलेली. इन्फेक्शन असेल तर ते कुठून शिरलं ते शोधून काढून टाकायचं.

"म्हणजे हॅकिंग झालं," ते म्हणाले.

"तसं नाही म्हणता येणार, साहेब."

"आपल्या सिस्टिममध्ये शिरून दुसऱ्या केंद्रांची माहिती काढली. ती बाहेरच्या माणसाला काढायला शिकवली. याला दुसरं काय म्हणतात?"

"सिस्टरना माहीतच नव्हतं की..."

"इतक्या वर्षांच्या सिस्टर आहेत त्या. गुप्तता काय असते हे त्यांना माहीत नाही? मॅडम, टेलरचा मुलगा वकिलाकडे गेला तर मला काहीतरी कारवाई दाखवावी लागेल. उद्या दुपारपर्यंत रिपोर्ट द्या. कोणी, कसं शिरलं ते स्पष्ट लिहा. मी त्यांना कमी करतो. पोलिसांत द्यायचं की नाही ते मग बघू."

सिस्टरच्या निवृत्तीला फार काळ राहिला नव्हता. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता, आणि चोरून शिरली म्हणून काढलेल्या नर्सला त्या वयात कोण ठेवतं? हे डॉक्टरसाहेबांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ते बोलताना कागद चाळत होते.

घरी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "तुझी नोकरी जाणार का?"

"माझी कशाला? माझं नावच कुणी काढत नाहीये."

"मग बरंय की."

 वाढलेलं तसंच राहिलं. मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, आवाज असा का येतोय तुझा?"

"काही नाही. समज, तुझ्या कॉलेजच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे. त्यात तू काहीतरी लिहिलंस आणि सगळ्यांचे मार्क दिसले. तर गुन्हा कुणाचा?"

"रकाना कसला होता, त्यावर आहे. लिहायलाच दिला होता ना?"

"हो."

"मग रकाना ठेवणाऱ्याचा. पण मार्क वाचून सगळ्यांना सांगत सुटले तर माझा." मग ती म्हणाली, "आई, तू परत तो ठिपका बघत बसलीस का?"

"नाही गं," असं म्हणून तिनं ठिपका बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेली, आणि सोबत एक टॅबही. टॅबवर जुन्या, गळक्या जोडणीची नक्कल होती. खऱ्या पेशंटच्या जागी तिनं राजा, प्रधान, सेनापती, कोतवाल अशी नावं भरली होती. तिला वाद घालता येत नसे. शाळेपासूनच, आवाज चढला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग मुद्दा बाजूला राहून लोक तिला पाणी आणून द्यायचे. म्हणून तिनं ठरवलं होतं की बोलायचंच नाही.

"साहेब, आधी एवढं करून बघा. तुम्ही दोन नंबरच्या केंद्रात आहात. चार आणि पाच, दोन्ही खुर्च्यांवर कोण आहे ते एकदम बघायचंय. दोनदा शोधायचं नाही."

"याचा काय संबंध?"

"एकदाच बघा."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा वर केला आणि टाइप केलं. चार, स्वल्पविराम, पाच. पडद्यावर लाल पट्टी आली: चूक आहे. त्यांनी टॅब टेबलावर ठेवला.

"चालत नाही. बंद करा हे सगळं, मला ओपीडी आहे."

 तिनं टॅब उचलला नाही. डॉक्टरसाहेब उठले, स्टेथोस्कोप गळ्यात घातला, आणि मग उभ्या-उभ्याच, अर्धवट सोडलेलं कोडं राहवत नाही तसं, परत एका बोटानं लिहिलं: चार अँड पाच. उत्तर आलं. खुर्ची चार, राजा.

"आणि पाच कुठंय?"

"दिसत नाही ना."

"अँडला आम्ही शाळेत दोन्ही म्हणायचो." ते परत खाली बसले. थोडा विचार केला, आणि मग ऑर लिहिलं.

राजा आला, प्रधान आला, सेनापती आला. पडदा भरला आणि पुढं सरकू लागला.

"हा कोतवाल कोण? याला लाल खूण आहे."

"पाच नंबरच्या केंद्रातला."

"मग माझ्या टॅबवर कसा आला?"

 साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे. इंजेक्शन टोचल्यावर पेशंटकडे बघतात, तसे.

"मी काही शिरलो वगैरे नाहीये," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

"मी फक्त दोन खुर्च्या बघत होतो."

"हो."

बाहेर ओपीडीची माणसं खोकत होती. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट ओढून घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला. त्यात जोडणी कोणाची होती या ओळीपुढे प्लंबरबाईनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. सिस्टरनी काय केलं तेही लिहिलं होतं, दोन्ही गोष्टी: लिहायला दिलेल्या जागेत लिहिलं, आणि पेशंटच्या माणसाला ते शिकवलं.

"हे दुसरं बरोबर नाही केलं त्यांनी," ते म्हणाले.

"नाही केलं."

"त्याची समज द्यावी लागेल. लेखी."

"द्या, साहेब."

"आणि तुमच्या सगळ्या जोडण्या मी बाहेरच्या माणसाकडून तपासून घेणार. वाईट वाटून घेऊ नका."

तिला वाईट वाटलं, पण तेवढं वाटायलाच हवं होतं. हॅकिंग हा शब्द त्यांनी रिपोर्टात घातला नाही. सिस्टर राहिल्या.

टेलरकाकांकडे डॉक्टरसाहेब स्वतः गेले, खुर्ची ओढून बसले आणि चूक आमची झाली म्हणाले. टेलरकाकांनी ऐकून घेतलं. "साहेब, तुमची चूक झाली हे तुम्ही मला सांगता. दुकानात येऊन गिऱ्हाइकांना सांगाल का?" एवढंच विचारलं त्यांनी.  त्यांचा मुलगा वकिलाकडे गेला नाही. टेलरकाकांनी केंद्र बदलून घेतलं, दूरचं, जिथं त्यांनी शिवलेला कपडा कुणी घातलेला नसेल. रंगाऱ्याची तपासणी स्वच्छ आली, परत केली तीही स्वच्छ आली. त्याची बायको तरी दर खेपेला काचेबाहेर उभी राहून खुर्ची पुसताना बघायची, आणि पुसणाऱ्या मावशींना खूण करून हाताखालचा कोपरा दाखवायची.

मोठ्या सिस्टरनी समजेच्या पत्रावर सही केली आणि प्लंबरबाईशी बोलणं टाकलं. बडतर्फी टळली ती कुणामुळे, हे त्यांना कळलं होतं. पण पत्र ज्या रिपोर्टामुळे आलं तो कुणी लिहिला, हेही कळलं होतं. दोन्हींतलं एकही विसरायला त्या तयार नव्हत्या. जिन्यात गाठ पडली की दोघी एकदम बाजूला व्हायच्या आणि मग कुणीच पुढं जायचं नाही.

रिकाम्या खुर्च्यांसाठी सरळ, नावं नसलेलं वेगळं बटण करायला डॉक्टरसाहेबांनी होकार दिला होता. पण बाहेरचा तपासनीस येऊन जाईपर्यंत नवीन काही चालू करायचं नाही, असंही तेच म्हणाले होते. तोवर ज्याला खुर्ची हवी असेल त्यानं प्लंबरबाईला फोन करायचा आणि तिनं बाकीच्या केंद्रांना. पाइप जोडण्यासाठी नेमलेली बाई आता दिवसभर स्वतःच पाइप झाली होती. रिसेप्शनच्या दिवसांपेक्षाही फोन जास्त वाजायचा.

एका सकाळी खालचं एक मशीन मध्येच बंद पडलं. तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"खुर्ची हवी," मोठ्या सिस्टरचा आवाज. हॅलो नाही, काही नाही.

"कुणासाठी?"

"रिटायर मास्तर आहेत. परवा आले नव्हते, घरात कुणीतरी आलं होतं म्हणे. आता धाप लागलीये आणि वर मलाच शिकवतात."

"थांबा, होल्ड करा."

"करते."

तिनं दुसऱ्या फोनवरून एक नंबरला विचारलं. नाही. तीनला विचारलं. संध्याकाळी. चार नंबरची सिस्टर म्हणाली, थांबा, बघून सांगते, आणि फोन तसाच ठेवून आत गेली. तिच्या चपलांचा आवाज दूर जाताना ऐकू येत होता. या कानाला तो आवाज, त्या कानाला खालचं केंद्र.

"सिस्टर, चार नंबरला बहुतेक आहे. पण लांब पडेल."

"मास्तर, चार नंबरला जायचंय!" खाली सिस्टर फोन बाजूला न करताच ओरडल्या.

"तिकडं? तिकडं मी नाही जाणार. तिथली ती पोरगी सुई नीट लावत नाही."

"सुई नीट लावत नाही म्हणे! परवा का नाही आलात? तेव्हा मी होते ना इथं, माझ्या हातची सुई होती, तेव्हा तुम्ही पाहुण्यांत बसलात! पाय बघा आपले, बुटात जात नाहीयेत. उठा. उठा म्हणते ना! व्हॅन खाली उभी आहे. आणि पाणी किती प्यायलात ते आधी सांगा, खोटं बोलायचं नाही..."

दुसऱ्या कानात चार नंबरची सिस्टर परत आली. "आहे खुर्ची, पाठवा."

"पाठवते," प्लंबरबाई म्हणाली आणि तो फोन ठेवला. पहिला तिनं कानालाच धरून ठेवला. मास्तरांना बोलणी अजून बसत होती, आणि सिस्टर इतक्यात थांबतील असं वाटत नव्हतं.